जुन्या लायब्ऱ्यांची हकालपट्टी

फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीची नवी आवृत्ती बसली, यंत्र पुन्हा सुरू झालं, तरी जुन्या सामायिक लायब्ऱ्या पागडीच्या भाडेकरूंसारख्या ठाण मांडून असतात. सोर्समधून अपग्रेड करणाऱ्यांसाठी ‘मेक डिलीट-ओल्ड-लिब्स’ असं फर्मान आहे. ते सोडलं की प्रत्येक फायलीपाशी थांबून विचारणा होते: काढू? दोन-तीनदा माणूस विचारपूर्वक उत्तर देतो. मग ‘येस’ नावाची आज्ञा जोडून चहाला जातो. ‘येस’चं जन्मभराचं काम एकच, होकार देत राहणं. (कचेरीत असती तर एव्हाना खातेप्रमुख झाली असती.)

नोव्हेंबर २०२३ मध्ये १४.० आवृत्ती ओपनएसएसएल या कूटलेखन-लायब्ररीची ३.० घेऊन आली. जुन्या १.१.१ चा पाठिंबा सप्टेंबरातच संपला होता, तेव्हा तिला घालवणं रास्तच. फक्त बाहेरची पॅकेजं त्याआधी नव्याने बसवायची असतात. हे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, म्हणजे गुप्तच राहिलं. मग एकेक प्रोग्राम ‘लायब्ररी सापडत नाही’ म्हणून अंग टाकतो. दुरुस्तीला पॅकेजं बसवणारी ‘पीकेजी’ बोलवावी, तर कधी तीही हरवलेलीच लायब्ररी मागत बसते. म्हणून कर्त्यांनी ‘पीकेजी-स्टॅटिक’ वेगळी ठेवली आहे. ती कुठल्याच सामायिक लायब्ररीवर विसंबत नाही, आणि वापरकर्त्याच्या वाचनावर तर नाहीच नाही.