ऐंशी-जीची पावती

"काकू, तुमचा पुण्याचा लेक शाळेला पंचवीस हजार द्यायलाय म्हणं?"

पिंगळीत बातमी पऱ्हाट्यांच्या कुडातून आरपार जाते, तिला फाटक लागत नाही. काकू तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. पलीकडून सूनबाईनं (एका घरची असली तरी गल्ली तिला याच नावानं हाक मारते) धुण्याची बादली खाली टेकवली. यंदा ती जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे, त्यामुळं गल्ली तिच्याशी जरा जपून बोलते. काकू सोडून.

"द्यायलाय कशाचा, अडकलाय! तुमच्या हेडमास्तरानं पावती न्हाई म्हणून सांगितलं. पैसे घ्यायचे अन् पावती न्हाई? मला तर कुठंतरी पाणी मुरायलंय असं वाटतंय."

"पावती न्हाई असं कामून म्हणतील? समितीच्या नावाची साधी पावती देताव म्हणले. तुमच्या लेकाला ऐंशी-जीची पाहिजे."

"ती अन् कुठली?"

"देणगी दिली की इन्कम टॅक्सात सूट मिळती, ती. पण तसली पावती द्यायला संस्थेची इन्कम टॅक्सकडं नोंद लागती. आधी ट्रस्ट धर्मादाय आयुक्ताकडं नोंदवा, मग बारा-ए, मग ऐंशी-जी, अन् मुदत सरली की पुन्हा सगळे कागद. आपली समिती काय ट्रस्ट हाय का? ती शिक्षण हक्काच्या कायद्यानं झाली, २००९ च्या. शंभरात पंचाहत्तर पालक, निम्म्या बाया, अध्यक्ष पालकातलाच. हेडमास्तर नुसते सचिव."

"नुसते! कपाटाची चावी कुणाकडं असती?"

"चावी त्यांच्याकडं, पण बँकेत एकट्याच्या सहीनं पैसा निघत न्हाई."

काकूंनी एक किडकी शेंग कोंबडीकडं भिरकावली. "अन् गणपतीची पोरं दारात येऊन वर्गणी नेतेत, त्येंना कोण विचारतं?"

"त्येंनाबी धर्मादायची परवानगी लागती. कलम ४१ क. आपण विचारत न्हाई ही गोष्ट वेगळी."

"बरं, तुझ्या भावजयीच्या पोराच्या शाळेचं काय? तिथं प्रवेशालाच देणगी घेतली म्हणं."

खऱ्या गप्पा इथं सुरू झाल्या. ही शाळा परभणीतली, इंग्रजी माध्यमाची. नाव दोघींनीही घेतलं नाही, पण गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

"त्याला देणगी म्हणू नका काकू, ती खंडणी. कॅपिटेशन फी घेऊ नये म्हणून १९८७ पासून कायदा हाय आपल्या राज्यात. शिक्षण हक्काच्या कायद्यात तर घेतल्याच्या दहापटीपर्यंत दंड. पण पावतीच दिली न्हाई, मग दाखवता काय?"

"भावजय तर तिथल्या पालक-शिक्षक संघावर हाय ना?"

"चिठ्ठी निघाली तिची! कायदाच तसा हाय, २०११ चा. तयार असलेल्या पालकांच्या चिठ्ठ्या टाकून कार्यकारी समिती निवडायची. फी वाढवायची तर आधी ह्या समितीपुढं यायचं. तर पहिल्या बैठकीत काय झालं म्हणता? चहा, बिस्किटं, अन् कोऱ्या रजिस्टरवर सह्या. ही म्हणली, वर काय लिहिणार ते आधी लिहा, मग सही करते. तवापासून हिला बैठकीचा निरोप बैठक झाल्यावर येतो."

काकू इतक्या हसल्या की सूप कलंडलं.

"पण मग आपलं हेडमास्तर बिचारं एवढं भितं कशाला? त्यानं कुणाला लुटलं?"

"वाबळेवाडीमुळं. पुण्याकडं शिरूर तालुक्यात हाय ती. जिल्हा परिषदेचीच शाळा, पण प्रवेशाला रांग लागायची. गावानं जमीन दिली, पैसा लोकांनी उभा केला. मग प्रवेशासाठी पैसे घेतल्याचा आरोप झाला, २०२१ ला मुख्याध्यापक निलंबित. पुढं चौकशीत निर्दोष सुटले. त्येच गुरुजी खेड तालुक्यात जालिंदरनगरला गेले, अन् त्या शाळेला २०२५ ला जगातल्या उत्तम शाळांच्या पुरस्कारात लोकांची सगळ्यात जास्त मतं. पण मधली वर्षं कोण भरून देणार? म्हणून आपले सर म्हणतेत, आधी ठराव, मग खात्यात चेक, मग पावती. हातात दहाची नोट घेणार न्हाई."

मास्तरांचं बरोबरच आहे. सूट हा पुण्याच्या पगारपत्रकाचा प्रश्न. पिंगळीत देणारा कापूस-सोयाबीनवाला असतो आणि शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्सच नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी बायका दळणातली मूठ बाजूला काढत, तेव्हा कुणी वजावट विचारली नव्हती. गावच्या माणसाला कागद हवा तो आपला आकडा खाली कुठं तरी लिहिलेला दिसावा म्हणून.

"काकू, एक विचारू? लेक नव्या पद्धतीत हाय का जुन्या?"

"कशाच्या?"

"टॅक्साच्या. नवी पद्धत घेतली की ऐंशी-जी चालतच न्हाई. जुन्यातबी दोन हजाराच्या वर रोख दिले तर सूट न्हाई. लावा फोन."

काकूंनी फोन लावला, स्पीकरवर. लेक मिटिंगमध्ये होता, तरी हळू आवाजात म्हणाला, "नवी, आई. का गं?"

"मग आठ दिस झाले कशाची पावती मागायलास रे माझ्या राजा?"

फोन तिकडूनच बंद झाला.

"चेक पाठवायला लाव त्याला," काकू म्हणाल्या, जणू लेक सूनबाईचाच. "पण पंखे घ्या. चौथीच्या वर्गात पोरं उकडून निघतेत. अन् पात्यावर ह्यांचं नाव पाहिजे."

"ठरावात घेताव. पंख्याची डेडस्टॉक रजिस्टरला नोंदबी होईल. नाव तीन पात्यांवर बसवावं लागेल मात्र, पंखा फिरताना वाचता येणार न्हाई."

"लाइट कुठं दिवसभर असती? वाचतील निवांत. पण पेंटरला नीट सांग. माझ्या माहेरच्या मारुतीच्या देवळात त्यानं 'कै.' बापाच्या नावाला लावायचं, तर पोराच्याबी नावाला लावलं. पोरगं जितं-जागतं, दर शनिवारी वर बघायचं अन् शिव्या द्यायचं. त्या पंख्याखाली उन्हाळाभर कुणी बसंना. रंग द्यायच्या दिवशी मला बोलव, मी शिडीजवळ उभी राहते."