साडेसात नंबर होईपर्यंत

मा. दावे विभागप्रमुख,
आरोग्य विमा कंपनी (कोणती, ते आपण जाणताच) यांस,

बदलापूर गावाहून

माझ्या चष्म्याचा दावा आपण दुसऱ्याच दिवशी नामंजूर केलात. इतक्या तत्परतेने आजवर आपण मला फक्त हप्त्याची आठवण करून दिली होती. आभारी आहे.

आपण कळवता की मी इस्पितळात दाखल झालो नव्हतो, म्हणून तपासणीची फी, काचा, फ्रेम यांतलं काहीच पॉलिसीत बसत नाही. खरं आहे. मी स्टेशनजवळच्या दुकानात स्टुलावर बसलो होतो. नाकावर ती जड गोल फ्रेम, आणि दुकानदार एकेक काच सरकवत विचारत होता, ‘‘आता बरं, की मघाचं बरं?’’ पाव तासात काम उरकलं. पुढच्या खेपेला त्याला सांगतो, घाई नको, सलाइन लावा, 24 तास भरू द्या.

बिल 8,300 रुपयांचं. चाळिशी लागल्यामुळे जवळचं-लांबचं एकाच काचेत हवं होतं, त्याला प्रोग्रेसिव्ह म्हणतात आणि तिथेच खिसा कापला जातो. ही चैन नव्हे, साहेब. संध्याकाळी इंडिकेटरवरचं ‘अंबरनाथ’ मला ‘बदलापूर’ दिसायला लागलं होतं. मग अंबरनाथला सगळी गाडी रिकामी होते आणि आपण मागच्या कर्जत लोकलमध्ये लोंबकळायला मोकळे.

लेझरने नंबरच घालवू म्हटलं, तर तिथे साडेसात आडवा आला. नंबर 7.5 डायॉप्टरपेक्षा कमी असेल तर तो घालवण्याचा खर्च मिळत नाही. हा नियम काही आपल्या एकट्याचा नाही. विमा नियामकाने 2019 मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी आखून दिलेल्या यादीतली ती 15वी वगळणी. माझा नंबर उणे साडेचार. म्हणजे अजून तीन नंबरांची मेहनत बाकी आहे. लोकलमध्ये उभ्याने मोबाइल बघतो, लाइट गेली तरी वाचत बसतो (गावात ही सोय मुबलक आहे). शनीची साडेसाती निदान आपणहून उतरते, ही मात्र आपली आपण चढवायची.

आईच्या मोतीबिंदूचं प्रकरण याहून सरस. तिची पॉलिसी ‘आरोग्य संजीवनी’, विमा एक लाखाचा. 2020 मध्ये आली तेव्हा सर्वसामान्यांसाठी म्हणून गाजावाजा झाला होता. पूर्वी डॉक्टर म्हणायचे, मोतीबिंदू पिकू द्या. आता आधी पॉलिसी पिकवावी लागते: 24 महिने. आईने तेवढा काळ देवघरातली समई अंदाजाने लावली. ती मुदत सरल्यावर कळलं की एका डोळ्याला विमा रकमेच्या 25 टक्के किंवा 40,000 रुपये, यांतलं जे कमी असेल ते मिळतं. कमी असेल ते! म्हणजे आमच्या वाट्याला 25,000, आणि मान्य दाव्यातले 5 टक्के आम्हीच सोसायचे. डॉक्टरांनी कुठली लेन्स घालू हे विचारण्याआधी विमा कितीचा आहे ते विचारलं. त्यांनाही नियम पाठ.

सरकारला मात्र आमचे डोळे दिसले म्हणायचे. 22 सप्टेंबर 2025 पासून नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आणि वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा 18 टक्के साफ गेला. त्यामुळे आपण जे देत नाही, ते आता मला करमुक्त मिळतं.

आईचा दुसरा डोळा भायखळ्याला जे. जे. रुग्णालयात दाखवायचं ठरलं आहे. नेत्रतज्ज्ञ डॉ. तात्याराव लहाने यांच्या काळापासून आमच्या आळीत तिथल्या नेत्रविभागाचं नाव आहे. तिथे केसपेपर काढून रांगेत बसायचं, आणि रांगेत पहिला प्रश्न विमा रकमेचा नसतो.

आपला,
एक (अद्याप अपात्र) विमाधारक

ता. क. : ‘डोळ्यांची वार्षिक तपासणी टाळू नका’ असा आपला मेसेज काल आला. टाळलेली नाही. बिल पुन्हा जोडत आहे.