दोनशे चाळीसपर्यंत मोजणाऱ्या ठेकेदार साहेबांना

ठेकेदार साहेब,

हे पत्र माझ्या मिस्टरांचं नाही, माझं आहे. त्यांनी तुम्हाला फोन लावून लावून पाहिला, तुम्ही उचलत नाही. एकदाच उचललात आणि म्हणालात, "आता गावाकडंच राहा. गावात खर्चच काय असतो? भागून जातं." फोन स्पीकरवर होता, मी तिथंच पीठ मळत होते. भोकरदनला आमचं कसं भागतंय ते तुम्हाला कळलं पाहिजे. घर मी चालवते, तेव्हा आकडेही माझ्याचकडं आहेत. पण आधी तुमचा हिशेब, कारण माझ्या घरातली तूट तिथून सुरू होते.

तुम्हाला मोजता येतं साहेब, आणि फार छान येतं. २४० पर्यंत तर एक आकडा चुकत नाही. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा होता. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की ती सलग वर्षाची नोकरी धरायची, असं त्यात लिहिलं होतं. मग माणूस कमी करायचा तर महिन्याची नोटीस नाहीतर महिन्याचा पगार, शिवाय भरलेल्या प्रत्येक वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता आल्या, त्यातही ही पंधरा दिवसांची भरपाई कायम आहे. म्हणून सात महिने होत आले की तुम्ही 'ब्रेक' द्यायचात. मिस्टर काही दिवस खोलीवर बसून राहायचे आणि मग नवा गेटपास घेऊन त्याच लाइनला, त्याच मशीनवर उभे राहायचे. नव्या पोरांना मशीन शिकवायला तेच, आणि तुमच्या रजिस्टरात दरवेळी नवीन भरती झालेलेही तेच. वर्षानुवर्षं माणसाला तात्पुरता ठेवून कायमपणाचे हक्क मारायचे, याला महाराष्ट्रानं १९७१ सालीच कायदा करून अनुचित प्रथा म्हटलंय. तुमची युक्ती माझ्या जन्माच्या आधीपासून सरकारला ठाऊक आहे.

शेवटी तर ब्रेकही दिला नाहीत. रात्री ग्रुपवर मेसेज टाकलात, "ऑर्डर कमी आहेत, उद्यापासून येऊ नये," आणि कुणी काही विचारायच्या आत सगळ्यांना ग्रुपमधून काढून टाकलंत. कामावरून काढलं तर दोन कामाच्या दिवसांत सगळा पगार हातात पडला पाहिजे, हा नियम १९३६ च्या वेतन कायद्यातही होता आणि आजच्या संहितेतही आहे. तुम्ही शेवटचा पगार अजून दिलेला नाही. बोनसचं विचारलं तर म्हणालात, "दिवाळीला कामावर असेल त्यालाच." बोनसचा कायदा दिवाळी विचारत नाही. वर्षात ३० दिवस काम केलेल्याला त्या कामाच्या पगारावर किमान ८.३३ टक्के द्यायला सांगतो.

आता माझं घर.

खोली सोडली तेव्हा डिपॉझिट थकलेल्या भाड्यात गेलं. सामानाच्या टेम्पोचं भाडं उधार घेऊन आलो. घरात पाच माणसं : सासूबाई, आम्ही दोघं, दोन लेकरं. रेशन माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळतं, आणि त्याचाच आधार आहे. पण २५ किलो पाच माणसांत महिनाभर वाटा, माणसाच्या वाट्याला दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमसुद्धा येत नाही. आठवी-नववीतलं पोरगं त्यात एका वेळचं जेवतं. उरलेलं विकत. ज्वारी हे गरिबाचं धान्य म्हणतात. आमच्या दुकानात ती गव्हापेक्षा महाग आहे. म्हणून भाकरी सासूबाईंपुरती, बाकीच्यांना रेशनच्या गव्हाची पोळी आणि येसराची आमटी. आमटी पातळ केली की सगळ्यांना पुरते, एवढं तुमच्या 'गावात खर्चच काय' मध्ये खरं आहे.

तेलाचं सांगते. पगार असताना पाच लिटरचा कॅन यायचा. आता पाव लिटरची पिशवी, पाच रुपयांची चहाची पुडी, एका धुण्यापुरती साबणाची पावडर. अशी छोटी-छोटी खरेदी लिटरमागं, किलोमागं जास्त पडते, हे मला न कळण्यासारखं नाही. पण स्वस्तात घ्यायला एकरकमी पैसा हातात लागतो. महिन्याचा ठरलेला पगार गेला की नुसती मिळकत जात नाही. जो खर्च उरतो तोही वाढीव भावानं करावा लागतो. तुम्ही महिन्याची नोटीस दिली असती तर त्या एका पगारात मी दोन महिन्यांचा किराणा भरून ठेवला असता आणि मिस्टर दुसरं काम शोधायला मोकळे झाले असते. नोटिशीचा पगार कायद्यात कशासाठी ठेवलाय ते मला किराणा दुकानात उभं राहून समजलं.

पैसा आला की आधी वीजबिल, कारण माझ्या शिलाई मशीनला मोटर आहे आणि मीटर तुटलं तर ब्लाउज शिवणं बंद. मग गॅस. मग किराणा दुकानदाराच्या वहीतलं थोडं, म्हणजे पुढची उधारी चालू राहते. दवाखाना शेवटी. त्या 'शेवटी' मध्ये काय घडलं ते ऐका. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट संपायला हवं होतं तेव्हा संपेना. मी मोजल्या. त्या कुणाला न सांगता दिवसाआड गोळी घेत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "मला काय होतंय? लेकरांचं बघ." आता मी ग्रामीण रुग्णालयातून गोळ्या आणते, १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. पण त्या दिवसाआडच्या गोळ्यांमधून वाचलेला पैसा कुणाचा होता, साहेब? तुम्ही द्यायचा राहिलेला पगार त्या म्हाताऱ्या बाईनं स्वतःच्या रक्तदाबावर भरून काढला.

लेकीचा दाखला शहरातल्या इंग्रजी शाळेतून काढून जिल्हा परिषदेच्या शाळेत आणला. गुरुजी मन लावून शिकवतात, दुपारी खिचडी मिळते, पुस्तकं मिळतात, तक्रार काही नाही. फक्त ती आता काहीच मागत नाही. मागायची तेव्हा मी रागवायचे.

आमचा तालुका मिरचीचा. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून मिरची गाड्या भरून परराज्यात जाते. हंगामात मी तोडणीला जाते, मजुरी किलोवर. संध्याकाळी हाताची जी आग सुरू होते ती रात्रभर राहते. धाकट्याला जवळ घ्यायचं तर आधी हाताला तेल चोळायचं, आणि तेल त्या पाव लिटरच्या पिशवीतलं. मिस्टर कधी बांधकामावर, कधी कापसाच्या गाडीवर हमाली करतात. मशीनवर सूतभर चूक होऊ न देणारा माणूस सकाळी चौकात उभा राहतो, आणि काम मिळालं नाही की दुपारपर्यंत घरी येत नाही. मला तोंड दाखवायची त्यांना लाज वाटते. लाज तुम्हाला वाटायला हवी होती.

आता गटाचा हप्ता. सासूबाईंच्या खोलीवर पत्रे टाकायला मी मायक्रोफायनान्सचं कर्ज काढलं होतं. असं कर्ज देताना सगळे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. आमचं उत्पन्न धरलं ते तुमच्या पगाराच्या स्लिपवरून. तुम्ही पगार थांबवलात, हप्ता थांबला नाही. मीटिंग शेजारच्या ओट्यावर भरते. मायक्रोफायनान्सचा पोरगा टॅब उघडून बसतो, एकेकीचं नाव घेतो, नोटा मोजतो. माझ्या नावाला थांबला की सगळ्या खाली बघतात. गटाच्या कर्जात एकीचं राहिलं की बाकीच्यांनी भरायचं, तशीच बोली असते. माझा हप्ता शेजारणींनी वाटून भरला. त्यातली एक माझ्याबरोबर मिरची तोडते, एक नवऱ्याच्या मागं एकटी घर ओढते. त्यांनी तुमचं तोंडही पाहिलेलं नाही, आणि तुमची बाकी त्या फेडतायत. तुमच्या वहीत ही 'बचत' दिसत असेल. ती भोकरदनच्या एका ओट्यावरून, दहा-वीसच्या नोटांनी गोळा झालेली आहे.

पीएफचं तर वेगळंच. स्लिपवर दर महिन्याला १२ टक्के कापलेले आहेत. तेवढाच वाटा मालकाच्या बाजूनं पडायला हवा. आम्ही पासबुक उघडलं तर शेवटच्या बऱ्याच महिन्यांपुढं काहीच नाही. तुमचा वाटा भरला नाहीत ती थकबाकी; त्याला वर्षाला १२ टक्के व्याज लागतं. पण कामगाराच्या पगारातून कापलेला पैसा भरला नाही तर कायदा त्याला विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा धरतो. आधी भारतीय दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेत आहे. माझ्या मिस्टरांनी कधी कंपनीतला एक नट घरी आणला नाही. गेटवर रोज त्यांचा डबा उघडून बघायचे.

नोकरी गेलेल्या विमाधारकाला ईएसआयकडून काही दिवस रोजच्या सरासरी कमाईचा काही भाग द्यायचा, अशी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ मध्ये सुरू झाली. तिची अट काय, तर आधीची दोन वर्षं विमापात्र नोकरी. तुमचे ब्रेक नेमके तिथं आडवे आले.

स्लिपवर आणखी एक कपात होती, व्यवसाय कर, महिन्याला २०० रुपये. हा कर महाराष्ट्रानं १९७५ साली रोजगार हमीसाठी लावला. शहरात पगार मिळवणाऱ्यानं खेड्यातल्या बेकाराच्या मजुरीला हातभार लावायचा, ही वि. स. पागे यांच्या योजनेमागची समज होती. सासूबाईंना १९७२ चा दुष्काळ आठवतो. खडी फोडायला जायच्या त्या, लेकरांना सुकडी मिळायची, घरात मिलोची लाल भाकरी. त्या म्हणतात, "पाऊस गेला होता, कुणी नेला नव्हता." त्या दुष्काळात सरकारनं निदान काम काढलं. माझ्या मिस्टरांनी पगार असताना दर महिन्याला दुसऱ्याच्या बेकारीसाठी पैसे दिले. त्यांच्या स्वतःच्या बेकारीसाठी तुमच्याकडून यायचं होतं ते तुम्ही ठेवून घेतलंत.

आणि 'गावाकडं जा' हे तुम्ही किती सहज म्हणता. लॉकडाऊनमध्ये, ८ मे २०२० ला, करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. आमच्या जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारी, मध्य प्रदेशातली माणसं. गावी जायची रेल्वे भुसावळहून मिळेल म्हणून रुळांवरून चालत निघाली होती. रुळांत पडलेल्या त्यांच्या चपात्यांचा फोटो सगळ्या देशानं पाहिला. आमचं गाव एसटीच्या अंतरावर होतं आणि माझं तिकीट अर्धं होतं, म्हणून आम्ही पोचलो. काम काढून घेतलेल्या माणसाला गावी पोचवायचं, तिथं खायला घालायचं आणि पुन्हा ऑर्डर आल्या की ताजातवाना करून गेटवर उभा करायचा, हे सगळं गावानं आणि गावातल्या बायकांनी फुकट करायचं, या भरवशावर तुमचा धंदा चालतो. तुमच्या कोटेशनमध्ये आमचा खर्च कधीच नसतो.

आता काय मागते ते लिहिते. शेवटचा पगार. नोटिशीचा पगार. ब्रेक धरून सगळी वर्षं मोजा आणि वर्षाला पंधरा दिवसांप्रमाणं भरपाई द्या. बोनस. पीएफमध्ये न भरलेले सगळे महिने, दोन्ही वाटे, व्याजासकट. अर्ज सहायक कामगार आयुक्तांकडं आणि पीएफ कार्यालयात जातोय. एक प्रत कंपनीलाही, कारण ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ मालकानं द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करायचा, हे १९७० पासून ठरलेलं आहे. सोबत पगाराच्या स्लिपा, पासबुकाची प्रिंट, तुमचा तो मेसेज, आणि सगळ्या गेटपासांच्या झेरॉक्स. प्रत्येक पासावर नंबर वेगळा आहे, डिपार्टमेंट एकच.

मधल्या माणसाच्या हाती थोडी रोकड पाठवून 'सर्व हिशेब मिळाला' अशा कागदावर सही मागू नका; मिस्टर करणार नाहीत. पैसे त्यांच्या खात्यात टाका. खाते नंबर तुमच्याकडं आहे. आलेल्या रकमेतून पहिल्यांदा शेजारणींचे पैसे फिटणार आहेत, आणि पुढची मीटिंग जवळ आली आहे, तेव्हा तारीख लेखी कळवा.

तुमच्या एका हेल्परची बायको
भोकरदन, जि. जालना