ओळख तुम्ही द्या

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. हा शब्द एका दमात उच्चारू शकणारा माणूस माझ्याकडे फारसा येत नाही. त्याला बहुधा गरज नसते. बाकीचे मला ‘डोक्याचे डॉक्टर’ म्हणतात. त्यात घरचेही आले, फक्त घरचे ‘डोक्याचे’वर जरा जास्त जोर देतात. आईचं वय ब्याऐंशी. कोणी पाहुणा आला की ती सांगते, “मुलगा डॉक्टर आहे, पण तसा नाही, बोलायचा डॉक्टर आहे.” आणि गुडघा दुखला की कोपऱ्यावरच्या ‘खऱ्या’ डॉक्टरकडे जाते.

दवाखाना संभाजीनगरात. रविवारी मात्र आम्ही दौलताबादला. सासऱ्यांचा तिथे एक तुकडा आहे, त्यात सीताफळाची पंधरा झाडं, एक विहीर आणि एक खाट. खाटेवर पडलं की देवगिरीचा डोंगर समोर दिसतो, तासलेल्या कड्यासकट. मला रविवारी याहून जास्त काही लागत नाही. बायकोला लागतं. तिला बाजार लागतो, आणि तिथेच माझी पंचाईत होते.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. रस्त्यात पेशंट दिसला तर डॉक्टरने आपण होऊन ओळख दाखवायची नाही. तो हसला तर हसायचं, नाही तर पुढे चालायचं. हाडाच्या डॉक्टरला भर चौकात “काय, खुबा कसा आहे?” असं ओरडता येतं. मी “काय, अजून आवाज ऐकू येतात का?” असं विचारलं, तर त्या माणसाच्या शेजारी नेमके होणारे व्याही उभे असतात. म्हणून दौलताबादच्या रस्त्याने मी चांदमिनाराकडे बघत चालतो. मिनार चांगला दोनशे फुटांच्या वर उंच आहे, त्यामुळे बराच वेळ बघता येतं.

“सगळं गाव तुम्हाला ओळखतं आणि तुम्ही कोणालाच ओळखत नाही,” बायको म्हणते. “परवा माझा मावसभाऊ समोरून गेला. त्याच्याकडेसुद्धा बघितलं नाहीत.”

मी गूढ चेहरा करून गप्प बसलो. बिचारी आठवडाभर काळजीत होती, भावाला काय झालं असेल म्हणून. काही झालेलं नव्हतं. त्याला मी खरोखरच ओळखलं नव्हतं.

आता छंदाचं. मराठी माणसाच्या मनात मानसोपचारतज्ज्ञ म्हटलं की मोहन आगाशे येतात. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली रंगमंचावर आलं, त्यातला त्यांचा नाना फडणवीस अजून लोकांच्या डोळ्यांपुढून हलत नाही. दुसरं नाव ठाण्याच्या आनंद नाडकर्णींचं. ते नाटकं लिहितात, पुस्तकं लिहितात, शिवाय संस्था चालवतात. त्यामुळे आमच्यासारख्या बाकीच्यांना लग्नाकार्यात हमखास प्रश्न येतो: “मग तुम्ही काय करता?” पेशंट तपासतो, हे उत्तर लोकांना अपुरं वाटतं. मी एकदा पेटी शिकायला घेतली होती. दोन महिन्यांत शिक्षक माझ्याकडे झोपेची गोळी मागायला लागले. मग सीताफळांकडे वळलो.

सीताफळाच्या फुलाचा संसार मोठा अवघड असतो. एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही, पण वेळ जुळत नाही. फूल आधी मादी म्हणून उमलतं. नराचे पराग सुटेपर्यंत मादीची वेळ टळून गेलेली असते. बारीक भुंगेरे इकडचा निरोप तिकडे पोचवतात, तेवढ्यावर निसर्गाचं भागतं. पण फळ जास्त हवं असेल तर माणसाने मध्ये पडावं लागतं. जूनमध्ये मी सकाळी सकाळी, मुलाचा शाळेतला रंगाचा ब्रश घेऊन, पिकलेल्या फुलातले पराग अर्धवट उमललेल्या फुलाला लावत हिंडतो. दवाखान्यातही वेगळं काय करतो? तो बोलायला तयार होतो, तोवर तिचं बोलून संपलेलं असतं. फरक इतकाच की फुलं आपापल्या आईला बरोबर घेऊन येत नाहीत.

शेजारचे एक निवृत्त गुरुजी दर रविवारी खाटेच्या कडेला टेकतात आणि विचारतात, “डॉक्टर, तुघलक वेडा होता का हो?” १३२७ साली दिल्लीची राजधानी इथे आणली, मग पुन्हा परत नेली, तांब्याची नाणी काढली आणि खजिना बुडवला, एवढी लक्षणं ते बोटांवर मोजून दाखवतात. पेशंट तपासल्याशिवाय निदान करू नये, असं मी सांगतो. “मग इब्न बतूता?” त्याने इथल्या तुरुंगात मांजरापेक्षा मोठे उंदीर असतात आणि त्यांना बघून मांजरंच पळतात, असं लिहून ठेवलंय. मी म्हणालो, हे लक्षण धरता येणार नाही, आमच्या विहिरीवरचा उंदीर तुम्ही पाहिलेला नाही.

पण या किल्ल्यावरच्या एका प्रकरणाने मला खरंच छळलं आहे. सोळाव्या शतकात जनार्दनस्वामी इथले किल्लेदार होते. पैठणहून आलेला कोवळा एकनाथ त्यांच्याकडे हिशेब बघायचा. एका पैचा घोळ सापडेना म्हणून पोरगा रात्रभर दिव्याशी बसला आणि पहाटे चूक सापडली तेव्हा टाळ्या पिटून हसला. स्वामींनी हे पाहिलं. आता ही केस माझ्याकडे आली असती तर? तरुण, घर सोडून आलेला, झोप नाही, एका पैपायी रात्रभर बेचैन, मध्येच एकटाच हसतो. कागदावर मी काय काय लिहिलं असतं, ते सांगायला नको. स्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीचा एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडल्यावर किती होईल! आणि त्याला शूलिभंजनाच्या डोंगरावर तपाला पाठवून दिलं. मी गोळी दिली असती आणि मराठी भाषेचं किती नुकसान झालं असतं, या विचाराने मी कित्येकदा गोळी लिहिताना थबकतो. मग लिहितोच. समोरचा दर वेळी एकनाथ नसतो आणि मी तर जनार्दनस्वामी मुळीच नाही. त्यांच्या काळी म्हणे गुरुवारी दत्तपूजेसाठी किल्ल्याचं कामकाज बंद असायचं. माझ्याकडे सगळ्यात जास्त गर्दी गुरुवारी असते.

“डॉक्टर, तुम्ही देव मानता का?” हे पेशंटचे नातेवाईक अंगाऱ्याची पुडी लपवत विचारतात. मी सांगतो, अंगारा लावा, गोळी चुकवू नका, आणि दोन्हींचा खर्च बघा. स्वतः मी दर श्रावणात भद्रा मारुतीला चालत जातो. शुक्रवारी रात्री निघायचं, पहाटे खुलताबाद. हा मारुती आडवा झोपलेला आहे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना झोप लागत नाही आणि हा देव रोज एवढ्या घंटा कानाशी वाजत असताना निवांत! मी दर वर्षी त्याच्यापुढे धंद्यातला माणूस म्हणून हात जोडतो.

दौलताबाद मागे पडलं की घाट लागतो. घाटात अंधार असतो. तिथे मात्र काही तरी वेगळंच होतं. बाजारात मला पाहून दुकानात शिरणारे लोक अंधारात आपण होऊन बाजूला येतात. तोंड दिसत नाही, नुसत्या अनवाणी पायांचा आवाज. “साहेब, रातची गोळी अर्धी केली तर चालंल का?” मी म्हणतो, सोमवारी या, चालता चालता ठरवत नाही. “बरं साहेब. पोरगी आता शाळंत जायली.” एवढं बोलून माणूस पुढे निघून जातो. बायको विचारते, “कोण होतं?” मी म्हणतो, “अंधारात कोण ओळखणार?” एवढं खरं उत्तर मला वर्षात एकदाच देता येतं.

दिवाळीच्या अलीकडे रस्त्याला सीताफळांच्या पाट्या लागतात. आमच्या पंधरा झाडांवरची फळं माकडं, शेजारी आणि मी अशा क्रमाने संपतात, म्हणून शेवटी विकतच घ्यावी लागतात. एक बाई ठरलेली आहे. ती मान वर करत नाही, मी चांदमिनाराकडे बघतो, भाव बायको करते. घरी येऊन मोजलं की डझनात चौदा भरतात.

“तुमची ती सीताफळवाली हिशेबात कच्ची आहे,” बायको म्हणते. मी काही बोलत नाही.

तर दौलताबादच्या बाजारात पाठीमागे हात बांधून मिनाराकडे बघत चाललेला, टक्कल पडलेला माणूस दिसला, तर तो मी. आपली भेट झालेली असेल, तर ओळख तुम्ही द्या. नसेल झालेली, तरी द्या. बायकोबरोबर तिचा मावसभाऊ असण्याची शक्यता आहे.