अठरा इंची भक्ती

आमच्या भजन मंडळाने पॉवर्ड सबवूफर घ्यायचं ठरवलं, कारण वरच्या वाडीच्या मंडळाने घेतला होता. ठरावात अर्थातच 'पखवाजाचा धुमा मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही' असं लिहिलं. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांना शब्दांचे टोले हाणतात. आता त्यात स्पीकरच्या खोक्यांचीही बारी सुरू झाली.

दुकानातला पोरगा म्हणाला, "दोन हजार वॅट!" हा आकडा क्षणभराचा की सतत निघणाऱ्या ताकदीचा, असं मी विचारल्यावर त्याने आम्हाला चहा मागवला. वॅट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो, हेही मी वाचून गेलो होतो. बुवा म्हणाले, "मगे दुप्पट पैशे कित्याक?" या प्रश्नावर दुसरा चहा आला.

पॉवर्ड म्हणजे अॅम्प्लिफायर खोक्याच्या पोटातच. वेगळा अॅम्प नको, वायरींचा गुंता नको. मात्र मालवणची खारी हवा पोटात शिरली, की दुखणंही सगळ्या खोक्याचंच. अठरा इंची खोकं चाळीस-पंचेचाळीस किलोंचं. देवळाच्या पायऱ्या ते कोण चढवणार, म्हटल्यावर सगळे पंख्याकडे बघू लागले. उचलणारे हात मुंबईत, ते येणार चतुर्थीला. म्हणजे आमचा बेस चाकरमान्यांच्या हातांनी देवळात चढणार आणि विसर्जनानंतर तिथेच अडकून पडणार.

शेवटी पंधरा इंची खोकं 'बघूक' म्हणून देवळात आणलं. पखवाजीने कणीक भिजवली, डाव्या तोंडावर, म्हणजे धुम्यावर, थापली, थाप मारली, चिमूटभर काढली, पुन्हा थाप मारली. क्रॉसओव्हर शंभर हर्ट्झवर ठेवला होता. त्याच्या खालचं सगळं सबकडे, वरचं नेहमीच्या स्पीकरकडे. खोकं कोपऱ्यात सरकवलं तसा दोन्ही भिंतींनी बेस फुकटात वाढवून दिला. एवढा, की पखवाजाच्या माईकने तोच आवाज परत उचलून 'हूंऽऽ' सुरू केलं. कौलं थरथरली, एक पाल खाली पडली आणि पेटीवाल्याने मांडी बदलली. पखवाजी शांतपणे म्हणाला, "माझ्या कणकेक इतक्या कधी जमला नव्हता."

मग निघाला कायदा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद. सरकारने सूट दिलीच तर वर्षातून फार तर १५ दिवस, तीही बारापर्यंत. आमच्याकडे दशावतारातला राजा तलवार उपसतो तीच ही वेळ. गंमत म्हणजे मोजणारं यंत्र 'ए' मापाने मोजतं. मानवी कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात म्हणून तेही ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबलची सूट देतं. शेजारच्या काकींच्या फडताळातली पितळी भांडी अशी कोणतीच सूट देत नाहीत. त्यांनी पहिल्याच तालमीला तक्रार नोंदवली, पाठोपाठ काकींनी.

तरी खोकं घेतलं. अट एकच : मोठं मागेल त्याने स्वतः उचलावं. त्यानंतर अठरा इंचांचा विषय कोणी काढला नाही. उरलेल्या पैशांत पखवाजाला नवी पुडी चढली.

पहिली बारी झाली. छाती भरेल असा धुमा घुमला. आमच्या बुवांनी समोरच्यांना असा काही टोला हाणला, की आम्हीच एकमेकांना टाळ्या दिल्या. समोरचे बुवा मात्र हसतमुखाने मान डोलवत होते. उठताना काकींना विचारलं, "कशी झाली बारी?"

"धडधड बरी लागली," काकी म्हणाल्या, "पण बुवान टोलो कोणाक हाणल्यान ता काय समाजलाच नाय."

शब्द राहतात शंभर हर्ट्झच्या वरच्या मजल्यावर, आणि आम्ही सगळा खर्च तळघरावर केला होता. पुढच्या सभेत बुवांसाठी चांगल्या माईकचा ठराव आला. तो एकमताने मंजूर झाला, कारण माईक कोणालाही उचलता येतो.