बुडाशी काय लिहिलंय?

जुन्या चाकूंचा पारखी ओळखायचा असेल तर त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख बघावं. बाकीची नऊ नखं शनिवार सोडून कोणत्याही वारी नेमाने कापलेली, हे एक मात्र राखलेलं. घडीच्या चाकूच्या पात्याला वरच्या कडेजवळ एक चंद्रकोरी खाच असते. तिच्यात नख अडकवून पातं ओढायचं असतं, आणि साठ वर्षं मिटून बसलेलं पातं तुमच्याआमच्या नखाला दाद देत नाही. एका घरी नव्या सुनेचा बरेच दिवस समज होता की सासरे गिटार शिकताहेत.

अशा गृहस्थांना आपण पारखीकाका म्हणू. पुण्यात ते पेठेत सापडतात, मुंबईत गिरगाव सोडून बोरिवलीला गेलेले असतात. नोकरी बँकेत, रेल्वेत नाहीतर महसूल खात्यात झालेली. आयुष्यभर शिक्के मारले, शिक्के तपासले, शिक्का नाही म्हणून माणसं परत पाठवली. निवृत्तीनंतर कागद सुटले, शिक्का सुटला नाही. म्हणूनच तुम्ही आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला चाकू मोठ्या कौतुकाने पुढे केलात की काका त्याच्या नक्षीकडे, मुठीकडे ढुंकूनही बघत नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बुडाशी काय लिहिलंय?"

बूड म्हणजे पात्याचा मुठीत शिरणारा भाग. धार संपते आणि मूठ सुरू होते त्यामधल्या बोटाच्या पेराएवढ्या जागेत कारखानदाराने आपलं नाव-गाव ठोकलेलं असतं. तिथे नेमकी मळी साचते. काका काडेपेटीतल्या काडीचं टोक चावून मऊ करतात, शिलाई मशीनच्या तेलात बुडवतात आणि कानातला मळ काढावा इतक्या जपून ती मळी काढतात. अक्षरं तरीही लागली नाहीत तर त्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी फिरवतात. हळूहळू कागदावर एक मुकुट उमटतो, दोन अक्षरं उमटतात. तोवर तुमचा चहा निवलेला असतो.

मग सुरू होतो घराण्याच्या दंतकथांचा पंचनामा.

"काका, आमच्याकडे म्हणतात हा पेशवेकालीन आहे."

"असेल ना. फक्त बुडाशी 'स्टेनलेस' लिहिलंय. हॅरी ब्रेअर्ली नावाच्या माणसाने इंग्लंडातल्या शेफिल्डमध्ये न गंजणारं पोलाद काढलं 1913 साली. पेशवाई बुडाली 1818ला. तुझ्या पणजोबांनी आगाऊ मागवला असेल."

दुसरा कोणी सांगतो, खापरपणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढले, तिथून हा लाल मुठीचा स्विस चाकू आणला. खापरपणजोबा खरोखरच गेलेले असतात. मराठी पलटणी तिथे लढल्या, यात काकांनाही शंका नाही. शंका चाकूची. बुडाशी 'व्हिक्टोरिनॉक्स' लिहिलेलं असतं. कार्ल एल्सेनरने त्या कारखान्याचं दुकान मांडलं 1884 साली, अधिकाऱ्यांच्या चाकूची नोंद केली 1897 साली. आई वारल्यावर तिचं 'व्हिक्टोरिया' हे नाव मालाला दिलं. पण त्या नावाला 'इनॉक्स' हे शेपूट जोडलं गेलं 1921च्या सुमारास, न गंजणारं पोलाद वापरात आल्यावर. लढाई संपली 1918ला. काका हिशोब मांडून दाखवतात आणि खापरपणजोबांना चाकू घ्यायला पुन्हा एकदा बोटीवर चढवतात. त्या घरून त्यांना पुढच्या मुंजीचं बोलावणं येत नाही.

लष्करी चाकूवर मात्र काका नाराज असतात. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश फौजेचा काळ्या मुठीचा चाकू सरकारी माल असल्यामुळे त्यावर सरकारी बाणाची खूण असते आणि बऱ्याचदा सालही छापलेलं असतं. म्हणजे शोध लावायला काही उरतच नाही. मग ते पाठीमागच्या जाड दाभणावर घसरतात. घरोघर सांगतात की तो दाभण घोड्याच्या खुरातला खडा काढायला. "घोडा कुठला आलाय? दोराचे पीळ उकलायचा दाभण आहे तो," काका म्हणतात. आजोबांचा घोडा असा काढून घेतला जातो आणि हातात दोर येतो.

काकांची भक्ती मात्र एकाच देवावर: शेफिल्डचे जोसेफ रॉजर्स अँड सन्स. त्यांची खूण तारा आणि माल्टीज क्रॉस. राजघराण्याला चाकू पुरवायचे, म्हणून मुकुट आणि राजाची अक्षरं. व्ही. आर. असेल तर राणी व्हिक्टोरिया, म्हणजे 1901च्या आतला. ई. आर. असेल तर सातवा एडवर्ड, 1901 ते 1910. जी. आर. निघालं की काका उसासा टाकतात, कारण जॉर्ज फार झाले. नकलाही फार झाल्या. इंग्रजी स्पेलिंगमधला 'डी' गाळून नाव ठोकलेले चाकू निघतात. त्या एका अक्षरापायी काकांनी भल्याभल्या घरातल्या वारशाला घरचा रस्ता दाखवला आहे.

आणखी एक खूण त्यांना फार प्रिय आहे. अमेरिकेने 1890 साली जकातीचा कायदा केला. बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवं, असं त्यात म्हटलं होतं. त्यानंतर शेफिल्डच्या पात्यांवर 'इंग्लंड' दिसू लागलं. त्यामुळे हा शब्द असेल तर चाकू साधारण 1891च्या अलीकडचा. 'वेस्ट जर्मनी' असेल तर 1949 ते 1990. अमेरिकेच्या जकातीवरून सदाशिव पेठेतल्या आजोबांच्या चाकूचं वय ठरतं, हे सांगताना काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते पेन्शनीच्या दिवशीही दिसत नाही.

शिक्क्याचं झालं की मूठ. इथे काका डोळ्यांवर विश्वास ठेवत नाहीत. शिंपल्याची मूठ गालाला लावून बघतात. खरा शिंपला थंड लागतो. हाडावर खाचा पाडून त्याला शिंगाचा आव आणलेला असेल तर भिंगातून बारीक छिद्रं शोधतात. आणि सेल्युलॉइडचा संशय आला तर मूठ अंगठ्याने खसाखसा चोळून नाकाला लावतात, कारण सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो. बैठकीच्या खोलीत डोळे मिटून चाकू हुंगणारे काका बघून आलेला पाहुणा दारातच थबकतो. काकू आतून विचारतात, "आरती झाली का?" हे सेल्युलॉइड जुनं होऊन कुजायला लागलं की त्याच्या वाफेने शेजारच्या पात्यांना गंज चढतो. म्हणून काकांनी त्या जातीच्या चाकूंना वेगळ्या डब्यात वेगळं बिऱ्हाड करून दिलं आहे.

सांबरशिंगाच्या मुठीपाशी ते थोडे हळवे होतात. शेफिल्डच्या कारागिरांना हे शिंग हिंदुस्थानातूनच जायचं. शिंग आपलं, गेलं बोटीने, आलं बोटीने, आणि आलं ते साहेबाचं होऊन. आता मात्र हस्तिदंत किंवा सांबरशिंग दिसलं की काका खरेदी-विक्रीचा विषयच काढत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा 1972चा आहे आणि काका महसूल खात्यातले.

त्यांचे शत्रू दोन. पहिला, चिंच. चाकू दाखवायला आणायचा म्हणून घरची मंडळी तो ताम्हण-पळीबरोबर चिंच लावून लख्ख घासतात. पात्यावर शंभर वर्षांत चढलेली करडी झाक, जिच्यावरून चाकू अस्सल ठरायचा, ती मोरीतून वाहून गेलेली असते. काका काही बोलत नाहीत, पाणी मागतात. दुसरा शत्रू, सायकलवरचा धारवाला. तो एका बैठकीत पात्याची इतकी रुंदी खातो की मिटल्यावर ते मुठीत बुडून जातं. गल्लीत त्याची हाळी आली की काका खिडकी लावून घेतात.

खरे काका बघायचे तर पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी नाहीतर रविवारी. तिथे भिंग खिशातून बाहेर आलं की भाव दुप्पट होतो, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून ते चाकूकडे पाठ करून नळाची गंजलेली तोटी उचलतात, तिच्यावर बराच वेळ घासाघीस करतात आणि जाता जाता म्हणतात, "हा चाकू वर घाल." फडक्यावर बसलेला विक्रेता त्यांना वर्षानुवर्षं ओळखतो. तो म्हणतो, "काका, तोटी वर घालतो, चाकूचं बोला."

रामपुरीचं नाव काढलं की ते नाक मुरडतात. खटका दाबून उघडणारा तो चाकू हिंदी सिनेमातल्या खलनायकांनी घरोघर पोचवला, पुढे उत्तर प्रदेशात लांब पात्यांवर बंदीही आली. रामपूरच्या चौकात 2023 साली वीस फुटी चाकू उभारल्याची बातमी कोणीतरी वाचून दाखवली, तेव्हा काकांनी विचारलं, "बुडाशी काय लिहिलंय?" काकूंचं म्हणणं, एक रामपुरी कपाटात धोतरांच्या घडीखाली आहे.

एवढं सगळं झाल्यावर तुम्ही ज्यासाठी आलात तो प्रश्न विचारता: किंमत किती? तिथे काका एकदम वेदांती होतात. "वयाला किंमत नसते रे. तसं असतं तर आमच्या वाड्याचा जिना आधी विकला असता." मग सांगतात ते मात्र खरं असतं. कारखाना नावाजलेला हवा, मूठ मूळची हवी, पातं पुरतं हवं, उघडताना आणि मिटताना कमान खणखणीत 'कट्ट' बोलली पाहिजे. हा 'कट्ट' ते कानाशी धरून पुन्हा पुन्हा ऐकतात. आकडा शेवटपर्यंत सांगत नाहीत. कारण आकडा ठरवणारे लोक म्हणजे काकांसारखेच आणखी चारजण, आणि त्यांपैकी दोघांशी काकांचं बोलणं नाही.

आणि हो, या माणसाने आजवर चाकूने काही कापल्याचं कोणी पाहिलेलं नाही. डब्यांत शेफिल्ड आहे, जर्मनीचं झोलिंगेन आहे, कच्छच्या अंजारचा चप्पू आहे. पेरू आणला की मात्र काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणतात, "अगं, जरा विळी दे."

तेव्हा वाचकहो, ट्रंकेत असा चाकू सापडला तर घासू नका, धार लावू नका, चामड्याच्या पाकिटात ठेवू नका. चामड्याने पितळ हिरवं पडतं. तेलाचा एक थेंब सांध्यात सोडा आणि पारखीकाकांना जरूर दाखवा. "भंगार आहे," म्हणाले तर चहा पाजून निरोप घ्या. "भंगार आहे, टाकणारच असाल तर मला द्या," म्हणाले तर चाकू तिथल्या तिथे खिशात घाला आणि घर गाठा.