काट्यावर न चढणारा माल

कळंबोलीच्या लोखंड बाजारात सळई काट्यावर चढल्याशिवाय पावती फाटत नाही. व्हिडिओ गेमवाल्यांनी काटाच मोडीत काढला. १९८३ साली अटारी या गेम कंपनीने न खपलेल्या गेमच्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या कचराडेपोत पुरल्या. २०१४ मध्ये त्यातल्या काही उकरल्या आणि त्यातल्या बऱ्याच चक्क लिलावात विकल्या गेल्या. भंगाराला असा भाव कळंबोलीतही नाही. आता तर पुरायला मालच नसतो. गेम फुकट, पडद्यावरच्या शिपायाचा पोशाख विकत! २०२० मध्ये सरकारने अशाच पबजी या गेमवर बंदी घातली. २०२१ मध्ये स्वारी बीजीएमआय या नावाने हजर. २०२२ मध्ये पुन्हा हद्दपार, २०२३ मध्ये पुन्हा दारात. पोरांचे पैसे मात्र पहिल्याइतकेच खरे. टोपी घेतली शिपायासाठी, घातली गेली गिऱ्हाइकाला.